चौथा खांदा
पंडिता रमाबाईंचे जीवन आणि आजाऱ्याच्या उशाशी बसलेली आपली माणसे



मागच्या उन्हाळ्यात आपल्या भागातील एका वस्तीवर मी एका आजोबांना तैलाभ्यंगाचा संस्कार द्यायला गेलो होतो. आजोबांना कर्करोग होता. शहरातल्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा असे सांगून परत पाठवले होते. प्रार्थना झाली, अभ्यंग झाला, आजोबांनी ख्रिस्तप्रसादाचा लहानसा कण घेतला. मी निघालो तेव्हा त्यांची सून मला सोडायला बांधापर्यंत आली. चार महिन्यांत आपण एकदाही मिस्साला आलो नाही, आपल्याला पाप लागेल का, असे तिने खाली मान घालून विचारले. रात्री किती वेळा उठावे लागते, असे मी विचारल्यावर ती फक्त हसली. नवरा कांद्याच्या गाडीवर जातो, मुले लहान आहेत, शेजारच्या बायका येतात पण दारातूनच विचारून जातात, असे तिने सांगितले.

पाप तिला लागणार नाही हे मी तिला लगेच सांगितले. सासऱ्यांचे अंग पुसताना ती प्रभूच्याच सेवेत होती. परंतु परतताना मोटरसायकलवर माझ्या मनात दुसराच प्रश्न घोळत राहिला. ती मिस्साला आली नाही हे चार महिन्यांत आपल्यापैकी कोणाच्याच लक्षात कसे आले नाही? आजोबांसाठी आपण भाविकांच्या प्रार्थनेत दर रविवारी त्यांचे नाव घेत होतो. तिचे नाव मात्र आपण एकदाही घेतले नाही.

त्या दिवसापासून मला पंडिता रमाबाई वारंवार आठवत आहेत. रमाबाई म्हटले की आपल्याला विदुषी, स्त्रियांच्या कैवारी, केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापिका आणि मराठी बायबलच्या भाषांतरकार आठवतात. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, अँग्लिकन मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तरीही त्यांचे जीवन आपल्या सर्वांसाठी धडा आहे. त्यांच्या चरित्राची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि शेवटी पोटची मुलगी, इतक्या जणांचा मृत्यू त्यांच्या वाट्याला आला. मरणाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाला काय लागते, हे त्यांच्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले असेल.

जंगलातले बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे, जंगलातल्या एका आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. बाईमाणसाला देवभाषा शिकवणे त्या काळच्या समाजाला मानवले नाही. विरोध सोसून त्यांनी रानात घर बांधले, विद्यार्थी ठेवले, आल्यागेल्याला जेवू घातले. दानधर्मात आणि पाहुणचारात होते नव्हते ते संपले. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने घर सोडले आणि तीर्थयात्रा सुरू झाली.

या देवळातून त्या देवळात जायचे, पुराण सांगायचे आणि लोक देतील त्यावर राहायचे, असे ते जीवन होते. कुटुंबात आईवडील, मोठी बहीण कृष्णाबाई, भाऊ श्रीनिवास आणि धाकटी रमा. पहाटे अंधारात आई लेकीला उठवून संस्कृत शिकवायची. हजारो श्लोक तिच्या तोंडी बसले. मात्र हाताने काम करून चार पैसे मिळवावेत असे शिक्षण त्या घरात कोणालाच मिळाले नव्हते. पुढे वाईट दिवस आले तेव्हा हीच गोष्ट त्यांना फार महाग पडली.

रायचूरची वाट

१८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोणी येईना, दक्षिणा मिळेना. वडिलांना वय झाले होते, दृष्टी गेली होती. दागिने गेले, भांडी गेली, कपडे गेले. मोलमजुरी करायची लाज वाटे आणि भीक मागायचीही लाज वाटे. शेवटी मरायचेच तर कोणाच्या नजरेस न पडता मरावे म्हणून सर्व कुटुंब एका रानात शिरले. अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्या. वडिलांनी पवित्र तळ्यात जलसमाधी घेण्याचा विचार बोलून दाखवला. तेव्हा श्रीनिवास पुढे झाला. जातीचा अभिमान बाजूला ठेवून आपण मजुरी करू आणि आईवडिलांना सांभाळू, असे त्याने सांगितले.

परंतु उशीर झाला होता. वडिलांना ताप भरला. शेवटच्या वेळी त्यांनी धाकट्या लेकीला जवळ घेतले आणि देवाच्या मार्गाने चालण्याचा उपदेश केला. त्यानंतर ते गेले.

काही महिन्यांच्या आतच आईची पाळी आली. तेव्हा ही मंडळी रायचूरला होती. त्या काळी रायचूर आणि आपले वैजापूर ही दोन्ही ठिकाणे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. म्हणजे ही काही परमुलखातली गोष्ट नाही. आई तापात होती आणि उपाशी होती. भ्रमात ती निरनिराळ्या पदार्थांची नावे घेऊन जेवण मागे. सोळा वर्षांच्या रमाला ते ऐकवत नसे. तिने कसाबसा बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा मिळवला. जी बाजरी आपल्या वैजापूरच्या प्रत्येक घरात आहे, तिचाच तो तुकडा. आईने खायचा प्रयत्न केला, पण तिला तो खाता आला नाही. तिची शुद्ध गेली आणि थोड्या वेळात ती देवाघरी गेली.

आता प्रेत उचलायचे होते. स्मशान तीन मैलांवर, म्हणजे सुमारे पाच किलोमीटर दूर. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ब्राह्मणाच्या तिरडीला ब्राह्मणच खांदा देणार. अनोळखी गाव, कंगाल कुटुंब, दुष्काळाचे दिवस. कोणी येईना. खूप शोधाशोध केल्यावर दोघांना दया आली. ते दोघे आणि भाऊ श्रीनिवास मिळून तीन झाले. तिरडीला मात्र चार खांदे लागतात. चौथा खांदा आणायचा कुठून? तेव्हा उपाशी, थकलेली, रडणारी रमाच चौथी झाली. उंचीने ती इतकी लहान होती की तिचा खांदा इतरांच्या खांद्याला पुरेना. म्हणून तिने आईचा भार डोक्यावर घेतला आणि ती तीन मैल चालली.

प्रिय भाविकांनो, हे दृश्य क्षणभर डोळ्यांसमोर आणा. ज्या मुलीने आईची रात्रंदिवस सेवा केली, तिलाच शेवटी ओझेही वाहावे लागले.

खांदा केव्हा द्यायचा?

सेमिनरीत असताना आम्ही तत्त्वज्ञानात मृत्यू हा विषय शिकलो. सॉक्रेटिस विष पिताना किती शांत होता, स्टोइक विचारवंतांनी मरणाची तयारी कशी करावी असे सांगितले, विसाव्या शतकातल्या तत्त्वज्ञांनी प्रत्येकाचे मरण हे त्याचे एकट्याचेच असते असे का मानले, यावर आम्ही परीक्षेत पानेच्या पाने लिहिली. ते सगळे मोलाचे आहे. परंतु त्या ग्रंथांत बहुतेक ठिकाणी मरणारा माणूस बोलत असतो. त्याचे अंथरूण कोण बदलते, त्याला पाणी कोण पाजते, ते पाणी कोण भरून आणते, याचा उल्लेख सापडत नाही. धर्मगुरू होऊन खेड्यात आल्यावर मला कळले की मरण एकट्याचे असेल, पण मरणाची वाट चालवून नेणारे दुसरेच कोणी असते. बहुधा ती घरातली सून, पत्नी किंवा मुलगी असते.

आपल्या गावात खांदा द्यायला कोणी मागे राहत नाही, हे मी अभिमानाने सांगतो. मौत झाली की माणसे शेतातले काम टाकून येतात. खड्डा खणला जातो, मांडव पडतो, चहापाणी शेजारी करतात, तिसऱ्या दिवसापर्यंत त्या घरात चूल पेटू देत नाहीत. परंतु हे सगळे शेवटचा श्वास थांबल्यानंतर. त्याच्या आधीचे तीन महिने, सहा महिने, कधी दोन वर्षे त्या घरातली एकच व्यक्ती चारही खांदे होऊन राबत असते. रमाबाईंच्या आईची तिरडी तीन मैलांची होती. आजारपणाची तिरडी त्याहून कितीतरी लांब असते.

एकामागून एक

आईनंतर थोड्याच काळात बहीण कृष्णाबाईही गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हजारो मैल हिंडली. मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठासोबत खायचे आणि पुढे चालायचे, असेही दिवस त्यांनी काढले. १८७८ मध्ये ती कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या तरुण मुलीचे संस्कृत ज्ञान पाहून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. नाव झाले, मान मिळाला.

दोन वर्षांत, १८८० मध्ये, भाऊ श्रीनिवास आजारी पडला. मरताना त्याच्या जिवाला एकच घोर लागला होता: आपल्यामागे या बहिणीचे काय होणार? आजाऱ्यांच्या घरी जाणाऱ्या प्रत्येक धर्मगुरूने हा घोर पाहिलेला आहे. पुष्कळदा मरणाऱ्याला मरणाची भीती वाटत नाही, मागे राहणाऱ्यांची चिंता त्याला सुखाने जाऊ देत नाही. रमाबाईंनी देवावर भरवसा ठेवून भावाला धीर दिला.

त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास या बंगाली वकिलांशी विवाह केला. हा विवाह जातीबाहेरचा होता. नातेवाईक दुरावले. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा ही मुलगी झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीचे निधन झाले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर दहा महिन्यांचे मूल होते. माहेर उरले नव्हते, सासरचा आधार नव्हता.

स्त्री डॉक्टरांची मागणी

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्या वेळी शिक्षणाची चौकशी करण्यासाठी सरकारने हंटर कमिशन नेमले होते. त्याच्यापुढे साक्ष देताना रमाबाईंनी स्त्री शिक्षिकांबरोबर स्त्री डॉक्टरांचीही मागणी केली. पुरुष वैद्याला दाखवण्यापेक्षा दुखणे अंगावर काढून बायका मरण पत्करतात, हे त्यांना ठाऊक होते. आपणही डॉक्टर व्हावे या विचाराने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. परंतु त्यांना ऐकू कमी येत असे आणि त्यामुळे वैद्यकाचे दार बंद झाले.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथे अँग्लिकन धर्मभगिनींच्या मठात त्या राहिल्या. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना या धर्मभगिनी आपलेपणाने सांभाळतात, हे त्यांनी पाहिले. प्रभू येशूने विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीशी केलेले संभाषण त्यांच्या मनाला भिडले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठी टीका झाली. त्या डगमगल्या नाहीत. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी मदत उभी केली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवण्यात आले.

केडगावची मुक्ती

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना रायचूर आठवले. आपण स्वतः त्यातून गेलो आहोत, मग घरी कसे बसावे, असे त्यांना झाले. त्या निघाल्या आणि उपासमारीने हाडे वर आलेल्या सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत आजारी स्त्रियांची जी हेळसांड झाली, तिच्याविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रात उघडपणे लिहिले. इतक्या मुलींना पुण्यात ठेवणे शक्य नव्हते. म्हणून दौंड तालुक्यात केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांनी बिऱ्हाड हलवले. १८९८ मध्ये तिथे मुक्ती सदन उभे राहू लागले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या जवळ गेली.

हे काम शहरात झाले नाही, माळरानावर झाले, ही गोष्ट लक्षात घ्या. विहिरी खणल्या, शेती केली, गाईगुरे ठेवली, हातमाग आणि छापखाना चालवला. येणाऱ्यांपैकी पुष्कळजणी इतक्या खंगलेल्या असत की त्या वाचत नसत. त्या मेल्या, पण रस्त्यावर मेल्या नाहीत. त्यांच्याजवळ कोणीतरी बसलेले होते.

एवढ्या आजाऱ्यांची सेवा रमाबाई एकट्या करू शकल्या असत्या का? मुळीच नाही. इथेच त्यांचे मोठे शहाणपण दिसते. आधी आलेल्या मुली बऱ्या झाल्या की त्याच नव्याने आलेल्यांना सांभाळत. कोणी शुश्रूषा शिकली, कोणी स्वयंपाक, कोणी कपडे धुण्याची जबाबदारी घेतली. अंध स्त्रियांना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकवली. ज्यांनी कधी सेवा घेतली होती, त्याच सेवा देऊ लागल्या. ज्या मुलीला रायचूरला चौथा खांदा मिळाला नव्हता, तिने शेकडो खांदे तयार केले.

शेवटचे दिवस

उतारवयात रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. खेड्यातल्या साध्या बाईला समजेल अशी भाषा असावी, हा त्यांचा ध्यास होता. छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले.

आपल्यामागे हे सर्व काम मनोरमा पाहील, असे त्यांना वाटत होते. मनोरमाबाई शिकलेल्या, कष्टाळू आणि आईचा उजवा हात होत्या. परंतु २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्या आईच्या आधीच गेल्या. ज्या स्त्रीने सगळ्यांना पोहोचवले, तिच्यावर लेकीला पोहोचवण्याचीही वेळ आली. तिने देवाला दोष दिला नाही आणि काम सोडले नाही. भाषांतराचे काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी झोपेतच प्राण सोडला. या वेळी मात्र तिरडी उचलायला खांद्यांची वाण नव्हती. मुक्तीचे सगळे घर त्यांचे होते. मुक्ती मिशन आजही केडगावला काम करीत आहे.

आपण काय करू शकतो?

रमाबाईंच्या काळी वेदनेवर फारसा उपाय नव्हता. आज आहे. बरा न होणारा आजार असला तरी वेदना, धाप, उलटी, जखमा यांवर उपचार करता येतात. याला पॅलिएटिव्ह केअर किंवा परिहार सेवा म्हणतात. आपल्या ख्रिस्तसभेने या सेवेला परोपकाराचे खास रूप मानले आहे आणि कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तसे स्पष्ट नमूद केले आहे. वेदनाशामक औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. दुःख कमी करण्यासाठी असे औषध देण्यास हरकत नाही, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच सांगितले होते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरील मॉर्फिन हे औषध रुग्णालयांना ठेवणे सोपे व्हावे म्हणून २०१४ मध्ये कायदाही बदलला आहे. तेव्हा घरातला आजारी रात्रभर कण्हत असेल तर ते नशीब म्हणून सोसू नका, डॉक्टरांना स्पष्टपणे विचारा.

१९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन सुरू झाले. अशा रुग्णांसाठीचे ते भारतातले पहिले सेवासदन आणि तिथे होली क्रॉसच्या धर्मभगिनी सेवा करतात. परंतु वांद्रे आपल्यापासून दूर आहे. आपल्याला जवळचे उदाहरण केरळच्या खेड्यांचे आहे. १९९३ मध्ये कोळिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात एक लहान केंद्र सुरू झाले. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात गावकऱ्यांनीच हे काम हाती घेतले. शिक्षक, रिक्षावाले, दुकानदार, गृहिणी यांनी थोडे प्रशिक्षण घेतले. आठवड्यातून काही तास द्यायचे, नर्सबरोबर घरोघरी जायचे, जमेल तशी लहान रक्कम द्यायची, अशी पद्धत बसवली. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती सगळे त्यात आले. २००८ मध्ये केरळ सरकारने त्यावरून धोरण केले. आपल्याकडेही सरकारी आरोग्य केंद्रांतून द्यायच्या सेवांच्या यादीत २०१८ पासून वृद्धांची आणि परिहार सेवा धरलेली आहे. आपल्या गावातील आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात याबद्दल आपण विचारले पाहिजे. मागणी झाली तर सेवा येते.

घरी सेवा करणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. तोंड कोरडे पडते, म्हणून ओल्या स्वच्छ फडक्याने ओठ आणि जीभ ओली करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आयुष्याच्या अगदी शेवटी शरीर अन्न नको म्हणते. रमाबाईंची आई दुष्काळाने उपाशी होती, ती गोष्ट वेगळी. परंतु दीर्घ आजाराच्या शेवटच्या दिवसांत भूक जाणे स्वाभाविक असते. गिळता येत नसताना जबरदस्तीने भरवले तर घास श्वासनळीत जाण्याचा धोका असतो. माझ्या हातची भाकरी त्यांनी शेवटी खाल्ली नाही, हे शल्य पुष्कळ बायका वर्षानुवर्षे मनात ठेवतात. माझ्या भगिनींनो, ते शल्य काढून टाका. तुम्ही कमी पडला नाहीत.

आता बाकीच्यांसाठी. घाटीत किंवा कर्करोगाच्या रुग्णालयात जायचे म्हणजे वैजापूरहून छत्रपती संभाजीनगर सुमारे ७५ किलोमीटर. एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने महिन्यातून एक फेरी दिली तरी मोठी मदत होईल. ज्याला गाडी नाही त्याने औषधे आणून द्यावीत, रेशनच्या रांगेत उभे राहावे, दोन हंडे पाणी भरावे, त्या घरच्या मुलांना आपल्या मुलांबरोबर जेवू घालावे. काहीच जमत नसेल तर रविवारी सकाळी दोन तास आजाऱ्याजवळ जाऊन बसावे, म्हणजे त्या घरची सून मिस्साला येऊ शकेल किंवा नुसती झोपेल. झोपली तरी चालेल. आणि दारातून चौकशी करून जाऊ नका. आत जा, बसा, आजाऱ्याचा हात हातात घ्या. कर्करोग हात धरल्याने होत नाही.

क्रुसाखाली पवित्र मरिया उभी होती आणि तिच्याजवळ योहान होता. मरणाच्या घटकेलाही प्रभूने आईला एकटे सोडले नाही, तिला शिष्याच्या हाती सोपवले आणि शिष्याला तिच्या हाती. मरणाऱ्याची काळजी आणि त्याच्याजवळ उभ्या असलेल्या माणसाची काळजी या दोन्ही गोष्टी प्रभूने एकाच वेळी केल्या.

म्हणून या रविवारपासून आपण एक लहान सुरुवात करीत आहोत. मिस्सानंतर सॅक्रिस्टीजवळ एक वही ठेवलेली असेल. पहिल्या पानावर, ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे त्यांनी नाव लिहावे. लाज वाटत असेल तर मला एकांतात सांगावे. दुसऱ्या पानावर, ज्यांना आठवड्यातले दोन तास देता येतील त्यांनी आपले नाव आणि वार लिहावा. ज्यांच्या घरी असे माणूस होऊन गेले आहे, त्यांना मी विशेष विनंती करतो. मुक्तीतल्या त्या मुलींप्रमाणे या सेवेची खरी शिकवण तुमच्याकडेच आहे. आजारी कोणत्या धर्माचा किंवा जातीचा आहे हे या वहीत विचारले जाणार नाही. आणि यापुढे भाविकांच्या प्रार्थनेत आजाऱ्याबरोबर त्याची सेवा करणाऱ्यांसाठीही आपण प्रार्थना करू.

ते आजोबा पावसाळ्याच्या सुरुवातीला प्रभूकडे गेले. दफनविधीला खूप माणसे होती. शवपेटीला खांदा द्यायला तरुणांची गर्दी झाली. त्यांची सून एका बाजूला भिंतीला टेकून उभी होती. ती फार दमलेली दिसत होती. पुढच्या वेळी आपण तिच्यासारखीकडे आधी जाऊ या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू